कूर्चा वाढवणं सोपं, टिकवणं अवघड

गुडघ्याची गादी झिजली, असं आपण सहज म्हणून जातो. ही गादी म्हणजे हाडांच्या टोकांवरचा दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, पांढुरका, गुळगुळीत थर : सांध्यातली कूर्चा. साधं चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो आणि ती तो दशकानुदशकं झेलते. पण तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. कातडी कापली तर रक्ताबरोबर दुरुस्तीचं सगळं सामान जखमेपाशी येतं. कूर्चेला चीर गेली तर कुणीच येत नाही. नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, असं शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवलं होतं.

ती किती स्थिर असते, हे अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे कळलं. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाढला आणि अन्नावाटे सगळ्यांच्या शरीरात उतरला. त्या खुणेवरून डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजेन, म्हणजे तिला बळकटी देणारं धाग्यांसारखं प्रथिन, वाढीच्या वयात तयार होतं आणि नंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे पन्नाशीतही आपण शाळकरी वयातल्या कोलॅजेनवरच चालत असतो!

मग बाहेरून पेशी का देऊ नयेत? स्वीडनमध्ये ब्रिटबर्ग, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी तेच केलं. रुग्णाच्याच कूर्चेचा तुकडा काढायचा, पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात सोडून वर हाडाच्या आवरणाचा पातळ पापुद्रा शिवायचा. १९९४ मध्ये त्यांनी २३ रुग्णांचे निकाल छापले. मांडीच्या हाडाच्या टोकावर खड्डा असलेल्या १६ पैकी १४ जणांना चांगला गुण आला. गुडघ्याच्या वाटीमागे खड्डा असलेल्या सातांपैकी दोघांनाच.

यात एक मेख होती. कूर्चेतली पेशी मूळची गोल. सपाट बशीत वाढवली की ती पसरते, चपटी होते आणि कूर्चेचं खास कोलॅजेन सोडून भलतंच बनवू लागते. तीच पेशी मऊ जेलमध्ये ठेवली, की पुन्हा गोल होते आणि मूळ कामाला लागते, हे १९८२ मध्ये दिसलं. मला या साऱ्या विषयातला हाच सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. पेशी काय बनवणार, हे ती कोणत्या जागी राहते यावरही ठरतं.

स्कॅफोल्डचं महत्त्व इथे आहे. इमारतीच्या परांचीसारखा हा तात्पुरता आधार. फरक इतकाच, की तो काढायला कुणी येणार नाही, त्याने स्वतःच विरघळायचं. फार लवकर विरघळला तर नवी कूर्चा कच्ची असतानाच भार येतो, फार उशिरा विरघळला तर तिला जागाच मिळत नाही. कोलॅजेन, हायलुरॉनिक ॲसिड, कायटोसान, रेशमातलं प्रथिन असे अनेक पदार्थ वापरून पाहिले गेले. डुकराच्या कोलॅजेनच्या पडद्यावर रुग्णाच्या पेशी बसवण्याच्या पद्धतीला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

मूलपेशींचं, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींचं, आकर्षण वेगळं आहे. त्यांच्यासाठी चांगली कूर्चा कापावी लागत नाही. त्या अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा नाळेच्या रक्तातून मिळतात. योग्य वाढ-घटक (पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन) दिला की त्या कूर्चा बनवतातही. पण तिथेच थांबत नाहीत. गर्भात बहुतेक हाडं आधी कूर्चेची असतात आणि मग त्यांचं हाड होतं. या पेशीही तीच वाट धरतात, फुगतात आणि कूर्चेचं हाड करू पाहतात. त्यांना अध्येमध्ये रोखायचं कसं, यावर बरंच संशोधन अडलेलं आहे. शिवाय खऱ्या कूर्चेत कोलॅजेनचे धागे पृष्ठभागाशी आडवे आणि खोलवर उभे असतात. ही वीण अजून कुणाला हुबेहूब जमलेली नाही. नवा तुकडा जुन्या कूर्चेच्या कडेला नीट सांधला जाणं हीसुद्धा डोकेदुखीच.

तरी काही उपचार दवाखान्यांपर्यंत पोचलेत. नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी आणि हायलुरॉनिक ॲसिड यांच्या मिश्रणाला दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये मंजुरी दिली. सांध्यात नुसतं मूलपेशींचं इंजेक्शन देणं ही मात्र निराळी गोष्ट. आधाराशिवाय सोडलेल्या पेशी फार काळ टिकत नाहीत. त्यांच्या स्रावांनी सूज आणि वेदना काहीशी उतरू शकते, पण त्यातून नवी कूर्चा उगवते याचा भक्कम पुरावा नाही. जाहिराती काहीही म्हणोत. आणि स्कॅफोल्डचे उपचारही मुख्यतः ठरावीक जागच्या खड्ड्यांसाठी आहेत. अख्खा थर झिजून हाडावर हाड घासत असेल, तर आजही पर्याय कृत्रिम सांध्याचाच.