वाळूतून जे निघतं, ते कटरला जमतं

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत एखाद्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, थोडा वेळ उभं राहिलात, तर साचा बनवणारा मोल्डर एक काम फार जपून करताना दिसेल. वाळूत दाबलेला पॅटर्न (ज्याच्या ठशात धातू ओततात तो नमुना) तो आधी हलकेच ठोकून सैल करतो, मग सरळ वर उचलतो. जरा तिरका गेला की वाळूची कड ढासळलीच. पॅटर्नच्या उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा टेपर (उतार) देतात तो यासाठीच. आणि पोटात आडवी खाच असेल तर कोअर (साच्यातला वाळूचा वेगळा गाभा) बसवण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण असा पॅटर्न वाळू मोडल्याशिवाय निघतच नाही.

सरळ वर निघण्याची ही अट ज्याला कळली, त्याला धातू कापणाऱ्या तीन अक्षांच्या मिलिंग मशीनचं निम्मं सॉफ्टवेअर कळलं असं मी म्हणेन. अशा मशीनवर, म्हणजे व्हीएमसीवर, कटर (फिरणारं कापायचं हत्यार) जॉबकडे, म्हणजे कापायच्या वस्तूकडे, नेहमी वरूनच बघतो. एक्स, वाय आणि झेड अशा तिन्ही दिशांनी सरकता येतं, पण मान तिरकी करता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरच्या लेखी जॉब म्हणजे जोतिबाच्या डोंगराचा उंची दाखवणारा नकाशा. प्रत्येक ठिकाणाला एकच उंची. कड्याखालची कपार त्यात येत नाही. (उलट्या टी आकाराच्या टी-स्लॉट कटरने खाच मारता येते, पण तो वेगळा खेळ.)

तरी कटर म्हणजे सुईचं टोक नव्हे, त्याला जाडी आहे. म्हणून सॉफ्टवेअर एक साधी युक्ती करतं. जॉबचा पृष्ठभाग बारीक त्रिकोणांत तोडायचा आणि प्रत्येक ठिकाणी कटर मनातल्या मनात वरून खाली सोडायचा. तो आधी कशाला टेकेल: त्रिकोणाच्या सपाटीला, कडेला की टोकाला? त्यातली सर्वांत वरची उंची धरायची, म्हणजे कटर कुठेही नको तिथे घुसत नाही. हे लाखो वेळा करून ते ठिपके जोडले की टूलपाथ, म्हणजे कटरची वाट, तयार. आतल्या कोपऱ्याची गोलाई बॉलनोजच्या (गोल टोकाच्या कटरच्या) त्रिज्येपेक्षा लहान असेल, तर तिथे माल शिल्लक राहतो आणि नंतर लहान टूल लावावं लागतं.

फिनिशिंगला खरी गंमत आहे. शेणाने सारवलेल्या अंगणात बोटांचे पट्टे उमटतात, तसेच बॉलनोज शेजारी-शेजारी फिरवला की मध्ये धातूचे उंचवटे राहतात. त्यांची उंची साधारणपणे दोन फेऱ्यांमधल्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट. १० मिमी व्यासाचा बॉलनोज १ मिमी अंतराने फिरवला तर २५ मायक्रॉन. अंतर निम्मं केलं की सव्वासहा मायक्रॉन, म्हणजे उंची चौथाई झाली. वेळ मात्र दुप्पट. २०० मिमी बाजूच्या चौरसावर, मिनिटाला १००० मिमी फीडने, म्हणजे कटर सरकण्याच्या वेगाने, ४० मिनिटांचं काम ८० मिनिटांवर जातं. लाइटबिल मालकाच्या नावावर असल्याने प्रोग्रामरला अंतर कमी करण्याचा मोह जरा जास्तच होतो.

शिवाय हे अंतर वरून मोजलेलं असतं. ६० अंशांच्या चढावर तेच अंतर प्रत्यक्षात दुप्पट पडतं आणि उंचवटे चौपट. त्यामुळे सपाट भागात रेघोट्या, तर उभ्या भिंतींवर झेडची एकेक पायरी उतरत गोल फेऱ्या, अशी वाटणी करावी लागते.

हे गणित मशीनकडून करून घ्यायची धडपड जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. त्याला हुकूम द्यायचा तो छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीतून. पुढे डग्लस रॉस यांच्या गटाने मशीनला हुकूम द्यायची एपीटी ही भाषा घडवली आणि १९५९ मध्ये तिच्या जोरावर कापलेले ॲल्युमिनियमचे ॲश-ट्रे पत्रकारांना वाटले.

इतकं सगळं असूनही बिडाचं कास्टिंग सॉफ्टवेअरला पुरतं कळत नाही. स्क्रीनवरचा कच्चा माल सगळीकडून सारखा जाड असतो. खरा जॉब तसा असेलच असं नाही: कोअर थोडा सरकला की एका बाजूला चार मिमी, दुसऱ्या बाजूला एकच. वर वाळू चिकटलेली कातडी, ती टूलची धार खाते. जॉब धरणारा क्लॅम्प कुठे लावलाय, हेही कोणी सांगितल्याशिवाय त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे पहिला जॉब लावताना मशीन लावणारा सेटर रॅपिड (न कापता सरकण्याचा वेग) २५ टक्क्यांवर आणतो, टूल जॉबपासून हातभर वर ठेवून प्रोग्राम एकदा हवेत फिरवतो, आणि नंतर खऱ्या कटला सुरुवात करतानाही त्याचं एक बोट सरकणं थांबवणाऱ्या फीड होल्ड बटणावरून हलत नाही.