०५/०४ म्हणजे ५ एप्रिल की ४ मे?

कर्नाटकातल्या निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या पतसंस्थांमध्ये एकाच ठेवीची तारीख पुष्कळदा तीन भाषांत लिहावी लागते. सभासदाला पावती मराठीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, हिशेबाची फाइल इंग्रजीत. तारखा चुकल्या की दोष या भाषांच्या गोंधळावर जातो, आणि ते मला पटत नाही. मराठीत आणि कन्नडमध्ये क्रम एकच आहे, आधी दिवस, मग महिना. घोळ होतो तो संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची राहिली तर, कारण तिथे महिना आधी येतो.

एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे फक्त आकडा असतो. १ जानेवारी १९०० हा दिवस १, तिथून मोजत ५ एप्रिल २०२५ येतो ४५,७५२ वर. पण मॅक्रोला, म्हणजे एक्सेलमधली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, '०५/०४/२०२५' हा मजकूर देऊन 'सीडेट' (CDate) या आज्ञेने तारीख करायला सांगितली, तर ते त्या संगणकाची सेटिंग बघतं. अमेरिकी सेटिंगवर ४ मे होते, आकडा ४५,७८१. लाखाच्या ठेवीवर ८ टक्क्यांनी या २९ दिवसांचं व्याज सुमारे ६३५ रुपये होतं.

खरी भीती पुढे आहे. २५/०४ दिलं तर पंचविसावा महिना नसतो, म्हणून सीडेट न विचारता क्रम उलटवतं आणि बरोबर तारीख देतं. त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा बरोबर, काही चूक, आणि कुठेही लाल खूण नाही. वर्षाच्या १३२ तारखा अशा उलटू शकतात.

यावर उपाय मॅक्रोतलीच दुसरी आज्ञा, 'डेटसिरियल' (DateSerial). तिला वर्ष, महिना, दिवस वेगवेगळे द्यायचे. मग सेटिंग कुठलीही असो, आकडा तोच येतो. हिशेब त्या आकड्यावरच करावा. भाषा अगदी शेवटी, छापताना निवडावी. मायक्रोसॉफ्टने प्रत्येक भाषेला क्रमांक दिला आहे, कन्नडला १०९९, मराठीला ११०२. सेलच्या फॉरमॅटमध्ये तो षोडशमान (१६ च्या पायाच्या) पद्धतीने लिहिला की महिन्याचं नाव त्या भाषेत उमटतं, आतला आकडा जागचा हलत नाही.

मॅक्रो दुसऱ्या संगणकावर नेलात, तर ०५/०४ सारखी तारीख घालून तपासा. २५/०४ घालून तपासलंत तर चूक दिसणारच नाही.