न्यूरोफीडबॅक, मेंदू-स्कॅनवरचा (दारूच्या व्यसनासाठी)

एमआरआय मशीनमध्ये झोपलेल्या माणसाला त्याच्याच मेंदूची हालचाल जवळपास लगेच स्क्रीनवर दाखवायची आणि ती मनानेच कमी करायला त्याला शिकवायचं, अशी ही पद्धत. दारूच्या बाबतीत कमी करायची असते ती तलफेच्या वेळची हालचाल. हा अजून संशोधनाचा विषय आहे, रुळलेला उपचार नाही. हे आधीच सांगावंसं वाटतं, कारण घरातलं माणूस पिण्यात बुडालं की नाशकातलं काय नि कुठलंही काय, कुटुंब कुठल्याही मशीनसाठी दागिने मोडायला तयार होतं.

फीडबॅकला शिक्षणशास्त्रात प्रत्याभरण म्हणतात, पण या विषयात सगळे न्यूरोफीडबॅकच म्हणतात आणि त्या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक ईईजीवाली, डोक्याला तारा लावून विजेच्या लहरी मोजायच्या, स्वस्त, चटकन दाखवणारी, पण मेंदूच्या खोल भागाचं नेमकं न सांगणारी. दुसरी एफएमआरआयवाली, जिच्यात रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून कुठला भाग कामाला लागलाय ते कळतं, खोल आतलं स्ट्रायटम आणि इन्सुला (तलफेशी जोडलेले भाग) यांचंसुद्धा, मात्र रक्ताचा हा बदल साधारण 4 ते 6 सेकंद उशिरा येतो. या नोंदीचा विषय दुसरी पद्धत आहे, पण पहिली सोडून तिचा उगम सांगता येत नाही.

उगमाबद्दल वाद आहे. दारूवरच्या न्यूरोफीडबॅकचं श्रेय बहुतेक ठिकाणी पेनिस्टन आणि कुलकोस्की या संशोधकांना देतात. 1989 साली अमेरिकेत कोलोराडोतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमधल्या रुग्णांना त्यांनी अल्फा-थीटा लहरींचं (मन शांत, पेंगुळलेलं असतानाच्या मेंदूच्या लहरींचं) ईईजीवालं ट्रेनिंग दिलं, उपचार मिळालेले रुग्ण जेमतेम 10, आणि निकाल इतके चांगले की पुढे कितीतरी क्लिनिकं त्याच आधारावर उभी राहिली. 1998 मध्ये मात्र ग्राप आणि फ्रायडीस यांनी विचारलं, की या गटाच्या वेगवेगळ्या लेखांतले रुग्ण खरंच वेगळे आहेत का तेच पुन्हा मोजलेत? तेवढा ठळक फायदा नंतरच्या प्रयोगांत दिसला नाही. दुसरं म्हणजे कॅन्ससमधल्या टोपेका गावच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये दारूच्या रुग्णांना असं ट्रेनिंग 1970 च्या दशकाच्या मध्यालाच देत होते, त्याच गावच्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर ग्रीन थीटा लहरींवर काम करत होते आणि 1970 मध्ये भारतातले योगी स्वामी राम यांच्यावर तिथेच मोजमापं झाली. त्याआधी 1961 मध्ये दिल्लीच्या एम्समधून आनंद, छिना आणि सिंग यांचा योग्यांच्या ईईजीवरचा लेख आलाच होता. म्हणून हे मूळचं आपलंच, असं म्हणणारेही भेटतात. इगतपुरीला जिल्ह्यातच विपश्यनेचं केंद्र आहे, तेव्हा नाशिककरांना ते पटकन पटतंही, पण ध्यानात लहरी बदलतात हे मोजणं वेगळं आणि लहर दाखवून ती बदलायला शिकवणं वेगळं. त्यामुळे सुरुवात टोपेकाला धरणं जास्त बरोबर वाटतं, 1989 ला नाही.

स्कॅनची बाजू नंतरची. रक्तातल्या ऑक्सिजनवर आधारलेल्या एमआरआयचं तत्त्व ओगावा यांनी 1990 मध्ये मांडलं, माणसांवरची पहिली चित्रं 1992 च्या सुमारास आली, 1995 मध्ये चित्र तिथल्या तिथे बघायची सोय झाली आणि 2005 मध्ये डीचार्म्स व सहकाऱ्यांनी दुखण्यावर केलेला प्रयोग गाजला. दारूवर जर्मनीतल्या म्युनिकच्या गटाचं काम 2015 चं, व्यसनी रुग्णांवरचं. तिथल्याच मानहाइमच्या गटाचं 2016 चं, पण ते जास्त पिणाऱ्या, उपचारासाठी न आलेल्या लोकांवर होतं, आणि हा फरक बातम्यांमध्ये नेहमी गळतो.

प्रत्यक्षात होतं असं, की रुग्णाला ग्लास-बाटलीचे फोटो दाखवतात, बाजूला थर्मामीटरसारखी पट्टी असते, तलफेशी जोडलेला भाग जागा झाला की पट्टी वर. ती खाली कशी आणायची हे ज्याचं त्याने शोधायचं, कोणी मुलीचा चेहरा आठवतो, कोणी नुसता श्वास बघतो. पट्टी उशिरा हलते त्यामुळे सुरुवातीला सगळे गोंधळतात. खरी अडचण तुलनेची आहे. काही जणांना मुद्दाम दुसऱ्याच्याच मेंदूची पट्टी दाखवतात, म्हणजे खरा परिणाम आणि नुसता विश्वास वेगळे काढता येतात, पण काही प्रयोगांत खोटी पट्टी बघणाऱ्यांनाही बरं वाटतं. अशा प्रयोगांत काय काय नोंदवायचं याची यादी संशोधकांनी 2020 मध्ये काढली, त्याआधीचे लेख वाचताना जपून. स्कॅनमध्ये पट्टी खाली आली म्हणजे घरी गेल्यावर बाटली सुटली असं होत नाही, आणि महिनोन्‌महिने पाठपुरावा केलेले प्रयोग थोडेच आहेत.

नाशकात एमआरआय सेंटरं पुष्कळ, पण ती गुडघा, मणका, डोक्याच्या नेहमीच्या स्कॅनसाठी. जिवंत पट्टी दाखवायला वेगळं सॉफ्टवेअर आणि शिकलेली माणसं लागतात. कोणी दारूसाठी ब्रेन ट्रेनिंग देतो म्हणाला तर ते बहुधा ईईजीवालं असणार, एवढं विचारून घ्यावं. शिवाय दारू नुकतीच सोडलेल्या माणसाचे हात थरथरतात, डोकं हलतं, आणि डोकं हललं की स्कॅन बिघडतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली दारू उतरवायची आणि मग नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिरामसारखी औषधं, समुपदेशन, एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा आपसातला गट) मीटिंगा. आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेले वारकरीही घरोघरी दिसतात, त्या सोबतीचं मोल स्कॅनच्या पट्टीवर येत नाही. व्यसनमुक्तीसाठी सरकारी हेल्पलाइन 14446, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416.