कोडबदल, वाढीव

चालू सॉफ्टवेअर बंद न ठेवता त्याच्या कोडमध्ये लहान, स्वतंत्रपणे तपासता येणाऱ्या आणि मागे घेता येणाऱ्या टप्प्यांनी बदल करण्याची पद्धत. टप्पा किती लहान, हे बदललेल्या ओळींवरून मोजण्याचा प्रघात आहे, पण ते माप अपुरे पडते. एका फंक्शनचे नाव बदलल्याने चारशे ओळी बदलल्या तरी तो एकच सोपा टप्पा असू शकतो. उलट ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा समान’ एवढाच एका चिन्हाचा बदल संपूर्ण हिशेब चुकवू शकतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत, टप्पा पूर्ण झाल्यावर प्रणाली चालू स्थितीत राहते की नाही, हीच कसोटी मानली आहे.

उगम : या पद्धतीच्या आरंभाविषयी एकमत नाही. क्रेग लारमन आणि व्हिक्टर बॅसिली यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात तिची मुळे १९३० च्या दशकातील वॉल्टर श्यूहार्ट यांच्या गुणवत्ता-नियंत्रणाच्या कामापर्यंत नेली आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ प्रकल्पात अर्ध्या दिवसाच्या आवर्तनांनी काम चाले, याकडेही ते लक्ष वेधतात. मात्र प्रकल्पाची आखणी टप्प्यांनी करणे आणि कोडमधील प्रत्येक फरक वेगळा नोंदवून ठेवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसऱ्या अर्थाने पाहिल्यास मार्क रॉचकिंड यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये सुरू केलेल्या एससीसीएस या, कोडच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या प्रणालीपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिच्यावरील त्यांचा निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोडमधील अशा छोट्या बदलाला ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. हार्वर्ड मार्क १ या १९४४ मधील यंत्राच्या जतन केलेल्या छिद्रांकित कागदी फितीवर चुकीची छिद्रे झाकणारी कागदाची ठिगळे दिसतात. शब्दही तेथूनच आला असे अनेकदा म्हटले जाते; फीत प्रथेचा पुरावा देते, शब्दाचा नव्हे.

दोन फायलींतील फरक काढणारा डिफ हा प्रोग्राम युनिक्स या संचालन प्रणालीच्या १९७४ मधील पाचव्या आवृत्तीत आला. त्यामागील रीत जेम्स हंट आणि डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. तो फरक दुसऱ्या प्रतीवर आपोआप बसवणारा पॅच हा प्रोग्राम लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये लिहिला, आणि बदल पूर्ण फायलीऐवजी केवळ फरकाच्या रूपात पाठवणे व्यवहार्य झाले. साठवणुकीच्या रीती पुढे बदलत गेल्या. वॉल्टर टिची यांची आरसीएस ही आवृत्ती-नोंदणी प्रणाली मुख्य शाखेची ताजी आवृत्ती पूर्ण ठेवून मागील आवृत्त्या उलट्या फरकांनी काढते. गिट (२००५) ही तशीच प्रणाली प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलटप्प्याला, संपूर्ण स्थिती नोंदवते आणि पाहणाऱ्याला फरक त्यातून काढून दाखवते.

पॅचची रचना : एकत्रित डिफमध्ये (जुन्या व नव्या ओळी एकत्र दाखवणाऱ्या फरकाच्या रूपात) प्रत्येक बदलखंडाच्या शिरावर @@ -४०,७ +४०,९ @@ अशा धर्तीची ओळ असते. तिचा अर्थ, जुन्या फायलीतील ४० व्या ओळीपासूनच्या ७ ओळींच्या जागी नव्या फायलीत ४० व्या ओळीपासून ९ ओळी आहेत. बदलाच्या वर ३ आणि खाली ३ अशा संदर्भासाठीच्या न बदललेल्या ओळी धरल्या, तर १ ओळ काढली आणि ३ घातल्या असा हिशेब जमतो. मूळ फाइल दरम्यान बदलली असेल तर पॅच प्रोग्राम ओळक्रमांकावर अडून न राहता संदर्भ शोधतो, आणि तरीही न जुळल्यास बाहेरच्या संदर्भओळी, जास्तीत जास्त दोन, दुर्लक्षून पाहतो. सारखेच तुकडे पुन्हापुन्हा येणाऱ्या फायलीत खंड चुकीच्या जागी निमूट बसतो तो अशाच सवलतींमुळे. गिटचा अप्लाय आदेश संदर्भओळी दुर्लक्षण्याची सवलत आपणहून देत नाही आणि एक खंड नाकारला गेला तर संपूर्ण पॅच नाकारतो. हे वर्तन अधिक सुरक्षित आहे. डोळ्यांना सगळे जुळलेले दिसत असूनही खंड नाकारला गेला, तर ओळीच्या शेवटची चिन्हे किंवा टॅबच्या जागी आलेल्या मोकळ्या जागा आधी तपासाव्यात.

डेटाबेसमधील बदल : वाढीव पद्धतीची खरी परीक्षा येथे होते, कारण नवा कोड सर्व सर्व्हरवर एकाच क्षणी पोहोचत नाही. काही मिनिटे तरी जुनी आणि नवी आवृत्ती एकाच टेबलावर काम करतात. एखाद्या कॉलमचे नाव थेट बदलले तर त्या काळात दोहोंपैकी एक आवृत्ती नक्की मोडते. त्यासाठी आधी नवा कॉलम रिकामा चालेल असा जोडतात. मग दोन्ही कॉलमांत लिहिणारा, पण जुन्यातूनच वाचणारा कोड सर्व्हरवर चढवतात. तो शेवटच्या सर्व्हरवर पोहोचल्यावरच जुन्या ओळींची भरणी, म्हणजे त्यांची मूल्ये नव्या कॉलमात उतरवणे, सुरू करावी. घाई केली तर मागे राहिलेला सर्व्हर, भरणी पुढे सरकून गेलेल्या ओळींतही फक्त जुन्या कॉलमात लिहीत राहतो, आणि ती तफावत महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

भरणी प्राथमिक कीच्या (प्रत्येक ओळीची अनन्य ओळख असलेल्या मूल्याच्या) क्रमाने, साधारण १,००० ते ५,००० ओळींच्या तुकड्यांत, प्रत्येक तुकड्याला वेगळा कमिट (येथे गिटचा नव्हे, तर डेटाबेसमधील बदल कायम करणारा) देऊन करतात. सगळे एकाच अपडेटमध्ये केल्यास ओळींवरील लॉक (इतरांना त्या ओळी बदलू न देणारी कुलुपे) शेवटपर्यंत अडकतात आणि डेटाची नक्कल ठेवणारे प्रतिकृती सर्व्हर मागे पडतात. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीत प्रत्येक ओळीची नवी प्रत लिहिली जात असल्याने टेबलही फुगते. ‘नवा कॉलम रिकामा असेल तरच’ ही अट घातली की मध्येच थांबलेली भरणी पुन्हा सुरू करता येते. शेवटी दोन्ही कॉलमांतील तफावत मोजावी. साधी असमानता तपासली तर नल (मूल्यच नाही अशी खूण) असलेल्या ओळी मोजणीतून निसटतात, म्हणून नल धरून तुलना करणारी क्रिया वापरावी लागते.

त्यानंतर वाचन नव्या कॉलमावर नेतात, पुढच्या चढाईत जुन्यातील लेखन थांबवतात आणि अखेरीस जुना कॉलम काढतात. अनेक डेटाबेस-लायब्रऱ्या कॉलमांची यादी सुरुवातीलाच स्मृतीत घेतात. कॉलम काढल्यावर चालू असलेल्या प्रक्रिया त्याच यादीने लिहू पाहतात व कोसळतात. म्हणून तो कॉलम दुर्लक्षित करणारी चढाई आधी, स्वतंत्रपणे करावी. या साखळीत सहज मागे घेता न येणारा टप्पा हा शेवटचाच.

लॉकविषयी एक गोष्ट फार वेळा नजरेआड होते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारा आदेश क्षणात उरकणारा असला, तरी तो एखाद्या लांबलेल्या क्वेरीमागे (डेटाबेसला केलेल्या विचारणेमागे) थांबला की त्याच्यामागे साध्या वाचनाच्याही क्वेऱ्या रांगेत अडकतात. लॉकसाठीची कालमर्यादा काही सेकंदांवर ठेवून आदेश पुन्हापुन्हा चालवणे हा यावरचा उपाय. वापरात असलेल्या टेबलावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) समांतर रीतीने, म्हणजे लेखन न अडवता, बांधतात. ते काम ट्रान्झॅक्शनच्या (एकतर पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या क्रियासमूहाच्या) आत होत नाही आणि मध्येच फसल्यास अवैध इंडेक्स मागे राहतो. तो हाताने काढावा लागतो.

दोष शोधणे : गिटमधील बायसेक्ट हा आदेश चांगल्या व बिघडलेल्या कमिटमधील अंतर दर चाचणीला निम्मे करतो, १,००० कमिटमधून दोषी कमिट सुमारे १० चाचण्यांत सापडतो. वर्तन न बदलणारी पुनर्रचना आणि वर्तन बदलणारी दुरुस्ती एकाच कमिटमध्ये असेल, तर शोध तेथपर्यंत पोहोचूनही कारण हाती लागत नाही. मधला एखादा कमिट चालतच नसेल तर तो वगळावा लागतो. असे कमिट दोषाला लागूनच सलग आले, तर उत्तरादाखल एक कमिट मिळण्याऐवजी संशयितांचा गट मिळतो.