एका फुटाचा एक इंच

भातुकली म्हटली की आपल्याला मुलींचा खेळ आठवतो. युरोपातली जुनी बाहुलीघरं मात्र मुलांचा हात लागू नये अशीच ठेवलेली असत. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८ च्या सुमारास असं एक घर करवून घेतलं, ते संग्रहात मिरवण्यासाठी. ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमनने तर १६८६ ते १७१० या काळात कासवाच्या कवचाने मढवलेल्या कपाटात अख्खं घर थाटलं. त्यातली चिनी मातीची भांडी खास चीनमधून घडवून आणलेली. नवरा रेशमाचा व्यापारी, त्यामुळे परवडलं. एरवी त्या खर्चात कालव्याकाठी खरं घर आलं असतं.

पण पेट्रोनेलाच्या या घरातलं फर्निचर तिच्याच काळातलं, तेव्हा चालणाऱ्या घाटाचं होतं. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या खुर्चीची इवलीशी हुबेहूब नक्कल करायची, हे वेड बहरलं ते विसाव्या शतकात.

मधल्या काळात जर्मन कारखान्यांनी बाहुलीघर मुलांच्या हाती दिलं आणि मापाचा काटेकोरपणा सैल झाला. खुर्ची टेबलाहून उंच असली तरी कुणाची तक्रार नसे. तो काटेकोरपणा पुन्हा ठळकपणे दिसला ब्रिटनच्या क्वीन मेरीच्या बाहुलीघरात. नवी दिल्ली उभारणाऱ्या एडविन लट्यन्सनेच ते रचलं आणि १९२४ साली वेम्बलीच्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं. नळाला पाणी, दिव्यांना वीज, सगळं एकास बारा मापात. फुटाला इंच हा हिशेब इंच-फुटांत मोजणाऱ्या सुताराला सोपा, म्हणून आजही बहुतेक कारागीर तोच धरतात.

जुन्या फर्निचरचा ध्यास खऱ्या अर्थाने घेतला तो शिकागोच्या नार्सिसा थॉर्न यांनी. त्या काळी अमेरिकेतली संग्रहालयं जुन्या वाड्यांतल्या आख्ख्या खोल्या उचलून आणून मांडत. त्याला जागा प्रचंड लागे आणि खोल्या मांडून मांडून मांडणार किती? त्याच खोल्या एकास बारा मापात केल्या तर एका दालनात शतकं मावतात. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयात आज त्यांच्या ६८ खोल्या आहेत, तेराव्या शतकाअखेरच्या युरोपपासून १९३० च्या दशकापर्यंतच्या. महामंदीचा काळ होता. कसबी हातांना काम नव्हतं, ते थॉर्नबाईंनी दिलं. पैसा त्यांचा, दृष्टीही त्यांची, पण रंधा दुसऱ्यांचा, हे विसरू नये. त्यांतल्या यूजीन कुपजॅकने पुढे स्वतःचं नाव कमावलं.

या खोल्यांत बाहुल्या नाहीत, आणि ते बरंच झालं. टेबलावर काढून ठेवलेला चष्मा पुरतो.

आजचे कारागीर झुंजतात ते लाकडाशी. मूळ कपाट ओकचं असलं तरी छोटं ओकचं करून चालत नाही. त्या लाकडाची छिद्रं आणि रेषा बारापट लहान होत नाहीत, कपाट लगेच खोटं दिसतं. म्हणून पेअर, चेरी, बॉक्सवूड अशी बारीक पोताची लाकडं घेऊन वरून रंग चढवायचा. कापड मात्र अजून पुरतं वश झालेलं नाही. तलम रेशीम घेतलं तरी एवढ्याशा पडद्याला स्वतःचं वजन नसतं; तो खाली पडायचा सोडून फुगून उभा राहतो.