साखळीचा ब्लाइंड आणि दोरीचा ब्लाइंड: खाली सोडायची रीत एक नाही

पट्ट्यांचा ब्लाइंड, म्हणजे खिडकीवरचा आडव्या पट्ट्यांचा पडदा, अर्ध्यावर अडकलाय आणि कुणीतरी त्याची दोरी जीव खाऊन खाली ओढतंय, हे ऑफिसात, दवाखान्यात, आता घरांतही सारखं दिसतं. दोरी खाली ओढली की ब्लाइंड वर जातो. हिसक्यांनी तो खाली यायचा नाही. मग ‘लॉक बिघडलं’ म्हणून माणूस बोलावला जातो. खरं तर दोरी पकडून ठेवणारं हे लॉक बहुतेक वेळा धडधाकट असतं, आणि ते नीट काम करतंय म्हणूनच ब्लाइंड जागचा हलत नाही.

हा घोळ रोलर ब्लाइंडच्या सवयीतून होतो. रोलर सगळ्यांनाच येतो. कापडाची गुंडाळी असते, बाजूला मण्यांची साखळी असते. एक पदर ओढला की खाली, दुसरा ओढला की वर, आणि सोडाल तिथे तो थांबतो. आतल्या क्लचमध्ये, म्हणजे गुंडाळी फिरवणाऱ्या आणि थांबवणाऱ्या भागात, स्प्रिंगचं वेटोळं असतं. कापडाच्या वजनानं ते आवळतं आणि साखळी कुठूनही ओढली की सैल होतं. थोडक्यात, ब्रेक आपला आपण सुटतो आणि लागतो. जपायचं एवढंच, की कापड पूर्ण उलगडल्यावर साखळी ओढत राहू नका. अडवणारा मणी नसेल तर कापड उलट्या बाजूनं गुंडाळायला लागतं आणि मग ‘साखळी उलटी चालते’ अशी तक्रार सुरू होते. दुसरा पदर ओढून कापड पुन्हा पूर्ण खाली आणा आणि त्याच दिशेनं ओढत राहा. गुंडाळी सरळ होते.

पट्ट्यांच्या, म्हणजे व्हेनिशियन ब्लाइंडचा ब्रेक मात्र आपणच सोडायचा असतो. सगळं अडतं ते इथेच. वरच्या पेटीत, दोरी जिथून बाहेर पडते तिथे, एक खाचदार पिन असते. ब्लाइंडचं वजन दोरीला आत खेचतं, दोरी पिनेला ओढते आणि पिन दोरीला चिमटीत पकडते. जोवर वजन त्या पिनेवर आहे तोवर पकड सुटणार नाही. म्हणून आधी ते वजन हातावर घ्यावं लागतं. दोरी बोटभर खाली ओढा, म्हणजे ब्लाइंड किंचित वर उचलला जाईल. मग हात ढिला न करता दोरी तिरपी करून खिडकीच्या मध्याकडे न्या. पिन बाजूला होते. आता विहिरीत बादली सोडताना दोर हातातून सरकू देतो, तसा ब्लाइंड सावकाश खाली जाऊ द्या. हवा तिथे आला की दोरी बाहेरच्या कडेला न्या आणि सोडा. पिन पुन्हा पकडते. मध्याकडे नेऊनही सुटला नाही तर दुसऱ्या बाजूला नेऊन बघा, पण आधी थोडं उचलायला विसरू नका. बहुतेकांचं चुकतं ते हे उचलणंच. दिशा बरोबर असते, पण वजन पिनेवरच राहिलेलं असतं.

लॉक सुटल्यावर दोरी एकदम हातातून सोडून देणं मला अजिबात बघवत नाही. सगळ्या पट्ट्या धाडकन खाली येतात. तितकंच वाईट म्हणजे अनेक दोऱ्यांपैकी एकच ओढणं. ब्लाइंड एका बाजूला कलतो आणि लोक दोरीला गाठ मारून किंवा ती खिडकीच्या गजाला बांधून वेळ निभावतात. गाठ सोडा, सगळ्या दोऱ्या एकत्र धरा आणि ब्लाइंड तळापर्यंत सोडा. पूर्ण खाली आला की तो बहुधा आपोआप समपातळीत येतो. मग सगळ्या दोऱ्या सारख्या ताणून वर घ्या.

बाजूच्या दांडीनं पट्ट्या फक्त कलतात, ब्लाइंड वरखाली होत नाही. वर घेण्याआधी मात्र त्या आडव्या करून घ्या, मिटलेल्या पट्ट्या ओढू नका. पट्टी लाकडाची की ॲल्युमिनियमची, यानं रीत बदलत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांना कदाचित दोरीच सापडणार नाही. तिथल्या सुरक्षा मानकानुसार १५ डिसेंबर २०१८ पासून तयार मापाचे ब्लाइंड बिनदोरीचे, किंवा दोरी हाताला लागणार नाही असे, बनवले जातात. त्यांची तळपट्टी मधोमध धरून सरळ खाली ओढायची; वर न्यायला तीच हातानं उचलायची.

घरात लहान मूल असेल तर मी बिनदोरीचाच घ्या म्हणेन. लोंबणाऱ्या दोरीत किंवा साखळीच्या फासात मान अडकून मुलं दगावली आहेत. आहे तोच ब्लाइंड ठेवायचा असेल, तर साखळी ताणून भिंतीवरच्या पकडीत अडकवा. व्हेनिशियन ब्लाइंड वर असताना त्याची दोरी सर्वात लांब लोंबते, म्हणून ती उंच खुंटीला गुंडाळा. आणि पाळणा किंवा पलंग त्या खिडकीखाली ठेवू नका.