जोडणी नसतानाही घरातली घड्याळं जुळती ठेवायची तर

फाटकावरच्या कॅमेऱ्यात माणूस 9:14ला आत शिरतो आणि जिन्यातल्या कॅमेऱ्यात तोच 9:11ला वर चढलेला असतो. अशा चित्रणाचा पुरावा म्हणून काय उपयोग? इंटरनेट असलं की एनटीपी ही पद्धत उपकरणांची वेळ परस्पर जुळवते. शेतघरात किंवा रेंज येते-जाते अशा गावात ही सोय कायमची नसते.

उपकरणातलं घड्याळ चालतं क्वार्ट्झच्या स्फटिकावर. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. साध्या स्फटिकात दहा लाखांत 20 भागांचा फरक सहज असतो, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळपास मिनिटभर. त्यात उन्हाची भर. साधारण 25 अंशांना हा स्फटिक सर्वांत जलद चालतो, त्याहून गरम किंवा गार झाला की मंदावतो. पत्र्याखाली 45 अंशांत तापणारा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी) त्यामुळे दिवसाला आणखी सेकंदभर मागे पडतो.

पण घड्याळ रोज सारखंच चुकत असेल, तर ती चूक हिशेबात धरता येते. लिनक्सवरचा क्रोनी हा प्रोग्राम नेमकं हेच करतो, आणि मला तो त्यासाठीच फार आवडतो. जोडणी मिळेल तेवढ्या वेळात तो आपलं घड्याळ कोणत्या दराने भरकटतंय ते मोजतो, फाइलीत लिहून ठेवतो आणि जोडणी तुटल्यावरही त्या दराने दुरुस्ती करत राहतो. त्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम 10’ ही ओळ घातली आणि घरच्या नेटवर्कला परवानगी दिली, की बाहेरचा आधार नसतानाही तो बाकीच्या उपकरणांना वेळ देतो. स्ट्रॅटम म्हणजे मूळ अचूक घड्याळापासून आपण कितव्या पायरीवर आहोत ते. 10 हा आकडा मुद्दाम मोठा ठेवायचा. अणुघड्याळाला थेट जोडलेल्या सर्व्हरचा स्ट्रॅटम 1 असतो. तसा चांगला स्रोत दिसला की उपकरणं त्याचंच ऐकतात.

यासाठी रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा संगणक वापरणार असाल, तर त्यात वीज गेल्यावर चालू राहणारं घड्याळच नाही. डीएस3231 चिपचं छोटं मॉड्यूल बटण सेलसह जोडावं. ही चिप स्वतःचं तापमान मोजून स्फटिकाची चूक सुधारते. 0 ते 40 अंशांत वर्षाला फार तर मिनिटभराचा फरक पडतो.

याहून नेमकेपणा हवा असेल, तर जीपीएस रिसीव्हर घ्यावा, पण दर सेकंदाला विद्युत स्पंद देणारा. नुसत्या यूएसबीवरून येणारा वेळेचा मजकूर थोडा उशिरा पोहोचतो. स्पंद मात्र सेकंदाची सुरुवात अचूक दाखवतो. जीपीएसची वेळ जागतिक वेळेच्या 18 सेकंद पुढे आहे. हा फरक सांगणारा संदेश उपग्रहांकडून साडेबारा मिनिटांनी एकदा येतो, म्हणून नव्याने चालू केलेल्या रिसीव्हरच्या वेळेवर पहिला पाव तास विसंबू नये.